पडवीतली साडेतीन आठवड्यांची पिल्ले भर पावसात खुराड्यात केव्हा आणि कशी न्यावीत?

सोनचाफा (संगमेश्वर, जि. रत्नागिरी) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या बचत गटातील चौघींनी मिळून यंदा प्रथमच वनराजा जातीची १०० पिल्ले आणली आहेत. एक दिवसाची असल्यापासून ती आमच्याच घरी, पडवीच्या एका बाजूला पत्र्याचे गोल कडे करून, भाताच्या तुसाच्या गादीवर आणि विजेच्या दिव्यांखाली वाढत आहेत. मरेक्स रोगाची लस उबवणी केंद्रातच दिलेली होती; मानमोडीवरच्या (राणीखेत) लासोटा लसीचा थेंब सातव्या दिवशी आणि गंबोरो रोगाची लस चौदाव्या दिवशी येथील पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने दिली. आज पिल्ले साडेतीन आठवड्यांची आहेत. पंखांची आणि शेपटीची पिसे चांगली फुटली आहेत. मानेवर आणि पोटाखाली मात्र अजून पिवळसर लवच दिसते.

अडचण अशी की पडवी आता अपुरी पडू लागली आहे. पिल्ले कड्यावरून उड्या मारून बाहेर येतात, तूस लवकर ओले होते आणि सकाळी दार उघडले की वासाने डोळे चुरचुरतात. घराच्या मागे जांभ्याच्या दोन फूट उंच जोत्यावर १० फूट बाय १२ फुटांचे खुराडे बांधून तयार आहे. अर्ध्या उंचीपर्यंत भिंत, वर जाळी आणि कौलारू छप्पर. परंतु जुलैचा पाऊस आठवडा-आठवडा उघडीप देत नाही, त्यामुळे हात धजत नाही.

सासूबाई म्हणतात की गावठी कोंबडीची पिल्ले दुसऱ्या दिवसापासून अंगणात हिंडतात, मग यांचे एवढे लाड कशाला? पिल्ले देणाऱ्या व्यापाऱ्याने चार आठवडे सांगितले, तर गटातील एकीच्या मते दोन महिन्यांच्या आत हलवूच नये. नेमके काय पाहून दिवस ठरवावा आणि हलवल्यावर पहिल्या काही रात्री काय काळजी घ्यावी? आमच्याकडे मुंगूस पुष्कळ आहेत आणि अंगणात जुन्या आठ गावठी कोंबड्याही आहेत, हेही लक्षात घेऊन सांगावे, ही विनंती.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (चंदगड)

ताई, सासूबाईंचे निरीक्षण चुकीचे नाही; फक्त त्या पिल्लांच्या मागे आई असते, ही गोष्ट हिशेबात धरायला हवी. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि गावठी पिल्लू दिवसभरात जेव्हा जेव्हा गारठते किंवा भिजते, तेव्हा ते धावत जाऊन आईच्या पंखाखाली शिरते, अंग सुकवते आणि पुन्हा बाहेर येते. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला असे पंख नसतात, म्हणून ते काम दिव्याने करावे लागते. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश ऊब लागते आणि त्यानंतर दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ती कमी करत नेतात. या हिशेबाने चौथ्या आठवड्यात २६ अंश आणि पाचव्या आठवड्यात २३ अंश पुरतात. कोकणात जुलैच्या रात्री तापमान २३-२४ अंशांच्या फारसे खाली उतरत नाही. याचा अर्थ असा की थंडीचा प्रश्न तुमच्याकडे पाचव्या-सहाव्या आठवड्यात आपोआप सुटतो, पण ओलीचा आणि वाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तुम्हाला खरी काळजी घ्यायची आहे ती ओलीची.

म्हणून चार आठवडे की दोन महिने, या वादात पडू नका. पिल्लू हातात घ्या, उताणे करून छातीवर आणि पोटावर हळूच फुंकर घाला. लव बाजूला होऊन गुलाबी कातडी उघडी पडत असेल, तर ते पिल्लू अजून तयार नाही. पिसे एकमेकांवर कौलांसारखी बसलेली असतील आणि फुंकरीने कातडी दिसत नसेल, तर त्याचे पावसाळी वाऱ्यापासून संरक्षण होऊ शकते. ही तपासणी चार-दोन धष्टपुष्ट पिल्लांवर करू नये. कळपातली जी मागे राहिलेली, लहानखुरी पिल्ले असतात, ती पाहून दिवस ठरवावा. वनराजात हे बहुधा सहाव्या आठवड्यात जुळून येते. एखाददुसरे पिल्लू तेव्हाही मागे असेल, तर ते पडवीतच ठेवा आणि सोबतीला आणखी दोन-तीन ठेवा, कारण एकटे पिल्लू खाणे सोडते.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही, कारण पिल्लांना दिव्यावाचून राहण्याची सवय पडवीतच लावायला हवी. आजपासून दिवसा दिवे बंद ठेवा. चार-पाच दिवसांनी रात्रीचेही निम्मे दिवे काढा आणि शेवटी एकच मंद दिवा केवळ उजेडापुरता राहू द्या. प्रत्येक बदलानंतर, अंधार पडून दोनेक तास झाले की स्वतः जाऊन पाहा. पिल्ले पसरून, पाय पोटाशी घेऊन शांत बसलेली असतील तर ऊब पुरेशी आहे. एका जागी गर्दी करून कर्कश चिवचिवाट करत असतील तर एक दिवा परत लावा. थर्मामीटर असला तर उत्तमच, परंतु पिल्लांच्या बसण्यातून जे कळते, तेही तितकेच विश्वासार्ह असते.

आता वासाबद्दल. डोळे चुरचुरतात, याचा अर्थ गादीत ओल साठून अमोनिया तयार होतो आहे. ही गोष्ट पुढच्या आठवड्यापर्यंत लांबवू नका. तीन ते सहा आठवड्यांचे वय हेच रक्ती हगवणीचे मुख्य वय आहे. या रोगाच्या एकपेशीय परजीवींची अंडकोषिका विष्ठेतून बाहेर पडते तेव्हा ती निरुपद्रवी असते. पण उबदार, ओल्या गादीत एक-दोन दिवस मिळाले की ती रोगकारक बनते आणि पिल्ले तूस उकरताना ती टिपतात. कोरड्या गादीत हे चक्र मंदावते. मूठभर तूस हातात घट्ट दाबून मूठ उघडा: तूस मोकळे होऊन पडले तर ठीक, गोळा तसाच राहिला तर गादी जास्त ओली आहे. पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढून टाका, उरलेली गादी दिवसाआड खालीवर करा आणि तीत थोडी विरलेल्या चुन्याची कोरडी पूड मिसळा. भांडी विटेवर ठेवून त्यांची कड पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणा, म्हणजे पाणी सांडणे बरेच थांबते. पंख ओघळलेले, पिसे फुललेली, डोळे मिटून बसलेले पिल्लू किंवा विष्ठेत रक्त दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. पाण्यातून द्यायची औषधे आहेत आणि वेळेत दिली तर ती चांगली लागू पडतात. मात्र मात्रा पशुवैद्यकानेच ठरवायला हवी.

प्रत्यक्ष हलवण्याच्या आधी खुराड्यात तीन इंच कोरड्या तुसाची गादी किमान दोन दिवस अगोदर पसरून ठेवा आणि एक जोराची सर येऊ द्या. सर ओसरल्यावर आत जाऊन हात फिरवला की झड नेमकी कोठून येते, ते कळेल. तुमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून वाऱ्यासह येतो, त्यामुळे त्या बाजूला पाख तीन फूट तरी पुढे हवी आणि तिच्या आत ताडपत्रीचा पडदा हवा. खुराडे १२० चौरस फुटांचे आहे. आठ आठवड्यांपर्यंत एका पिल्लाला एक चौरस फूट जागा पुरते, तेव्हा सध्या १०० पिल्लांना ते पुरेसे आहे. पुढे प्रत्येक कोंबडीला दोन चौरस फूट लागतील. चौघींनी आपापली वाटणी त्या सुमारास करून घ्यावी.

पहिल्या रात्रीचा खरा धोका थंडीचा नसून चेंगराचेंगरीचा असतो. अनोळखी जागी, अंधारात, कौलांवर पावसाचा आवाज होताच पिल्ले घाबरून एका कोपऱ्यात धाव घेतात, एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी जखम नाही, रक्त नाही, असा मेलेल्या पिल्लांचा थर सापडला की लोक रोगाचा संशय घेतात. हे टाळण्यासाठी चारही कोपऱ्यांत पुठ्ठा किंवा जुना पत्रा वाकवून कोपरे गोल करा, पडवीतला तोच मंद दिवा पहिल्या चार-पाच रात्री आत लावा, आणि पडवीतली एक-दोन पाट्या कोरडी, जुनी गादी नव्या तुसावर पसरा, म्हणजे जागा अगदीच परकी वाटणार नाही. पिल्ले सकाळी हलवा. सगळा दिवस त्यांना पाणी, खाद्य आणि कोपरे ओळखायला मिळायला हवा. पाण्याची आणि खाद्याची भांडी मात्र जुनीच न्या.

शिवारातून (निफाड)

पर्यवेक्षक साहेबांनी जे सांगितले, त्याला आमच्या भागाची एक जोड द्यावीशी वाटते, कारण हा प्रश्न पुढे घाटावरचे लोकही वाचतील. निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो. त्या दिवसांत सहा आठवड्यांची, पूर्ण पिसे आलेली पिल्लेसुद्धा आम्ही रात्री बिनदिव्याची बाहेर ठेवत नाही. दिवसा मोकळी सोडतो आणि रात्री दिवा देतो. आठवा आठवडा उलटल्यावरच दिवा काढतो. तेव्हा कोकणातला सहावा आठवडा हा सर्वांनी जसाच्या तसा उचलू नये. पिल्ले कोणत्या महिन्यात आणली आणि आपल्याकडची रात्र किती गार असते, याचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा.

दुसरी गोष्ट पडद्यांची. बहुतेक जण पडदा वरून खाली सोडतात, आणि वाऱ्याच्या भीतीने सगळीकडून गच्च बंद करतात. माझे स्पष्ट मत असे आहे की पडदा खालच्या बाजूला पक्का बांधावा आणि खालून वर ओढण्याची सोय करावी, म्हणजे पिल्लांच्या अंगावर थेट वारा येत नाही आणि वरची फूटभर फट सदैव उघडी राहते. दमट हवा आणि अमोनिया त्या फटीतून निघून जातो. पावसाळ्यात खुराडे पूर्ण झाकले, तर झडीपासून वाचलेली पिल्ले कोंदट हवेमुळे शिंकू लागतात.

वीज गेल्यावर अनेक जण कोळशाची शेगडी आत ठेवतात. पडदे ओढलेल्या बंद खुराड्यात हे कधीही करू नये; कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि लहान जीव सर्वांत आधी दगावतात. त्याऐवजी प्लॅस्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून, पिल्लांच्या मधोमध ठेवाव्यात. पाच आठवड्यांच्या पिल्लांना दोन-तीन तास तेवढा आधार पुरतो.

आबोली (कुडाळ)

ताई, मुंगसाचा विषय कोणी अजून घेतला नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे वाडीत शेजारच्या घरी एका दुपारी मुंगूस आत शिरले आणि त्याने एकच पिल्लू नेले नाही, तर सापडतील तेवढी मानेत चावून टाकली. मुंगूस दिवसा शिकार करते, म्हणून रात्री दार लावले की झाले, असे समजू नये. सहसा कोंबड्यांसाठी म्हणून जी षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी विकतात, ती कोंबड्या आत ठेवण्यापुरती ठीक आहे. तिच्यातून लहान साप शिरतो, घूस ती कुरतडते आणि कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची वेल्डमेश जाळी महाग पडते, पण निदान खालच्या तीन फुटांना तीच लावावी. तुमचे खुराडे जोत्यावर आहे, हे चांगलेच आहे. पण पुढे पिल्लांना फिरायला जो वाडा कराल, त्याच्या कुंपणाची जाळी जमिनीत फूटभर पुरा आणि तळाशी बाहेरच्या अंगाला वळवा, म्हणजे बाहेरून उकरणाऱ्या जनावराच्या पंजाखाली जाळीच येते. वाड्याच्या वरून मासेमारीचे जुने जाळे ताणून बांधले की घार आणि कावळा यांच्यापासूनही बचाव होतो. भारद्वाजही लहान पिल्ले उचलतो. दाराला नुसती कडी न लावता कडीत खुंटी घालावी. बिबट्याचा वावर असलेल्या भागात तर लाकडी दाराच्या आत लोखंडी जाळीचे दुसरे दार असणे मी आवश्यक मानते.

आता सवयीबद्दल. यंत्रातल्या पिल्लांना संध्याकाळी घरी यायचे असते, हे कोणी शिकवलेले नसते. गावठी कोंबडी घार दिसताच विशिष्ट आवाज काढते आणि पिल्ले जागच्या जागी दबतात. तुमच्या पिल्लांना तो आवाजही माहीत नाही. त्यामुळे खुराड्यात नेल्यावर पहिला आठवडाभर त्यांना अजिबात बाहेर सोडू नका. खुराडे हेच आपले घर, हे त्यांच्या डोक्यात पक्के बसू द्या. त्यानंतर उघडीप पाहून, दिवस मावळायच्या तासभर आधी, पोटात थोडी भूक असताना दार उघडा. ती दारापासून चार पावले जातील, घाबरून परत येतील, पुन्हा जातील. अंधारून येताच आत खाद्याच्या भांड्याचा ओळखीचा आवाज करा आणि दिवा लावा, म्हणजे बहुतेक सगळी आपण होऊन आत येतील. जी बाहेर राहतील, त्यांना पाठलाग करून पकडू नका, कारण पळवल्याने ती खुराड्यालाच भिऊ लागतात. अंधार पडला की ती जागीच बसतात, तेव्हा अलगद उचलून आत ठेवावीत. आत आल्यावर रोज मोजावीत. अशी सवय लागली की पुढे संध्याकाळी कोंबड्या डालायला फारसे कष्ट पडत नाहीत.

एक शंका कोणाच्याही मनात येईल, ती आधीच सांगते. घरी खुडूक बसलेली गावठी कोंबडी असेल, तर ही पिल्ले तिच्याखाली घालून पाहण्याचा मोह होतो. एक-दोन दिवसांची पिल्ले रात्रीच्या अंधारात तिच्याखाली सरकवली तर ती पुष्कळदा स्वीकारते. साडेतीन आठवड्यांची पिल्ले ती आपली मानणार नाही, टोची मारील.

सोनचाफा (संगमेश्वर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल गटातील आम्हा चौघींच्या वतीने मनापासून आभार. आज सकाळीच ओले तूस काढून नवे घातले आणि दोन पिल्लांच्या छातीवर फुंकर घालून पाहिली. कातडी स्पष्ट दिसते, तेव्हा घाई करणार नाही. मुठीची परीक्षा सासूबाईंनीही करून पाहिली आणि पाण्याची भांडी उंच करण्यासाठी त्यांनीच विटा आणून दिल्या.

आता तीन शंका उरतात. जुन्या आठ कोंबड्यांमध्ये ही पिल्ले केव्हा मिसळावीत? लासोटाची दुसरी मात्रा २८ व्या दिवशी आहे, ती हलवण्याच्या आधी द्यावी की नंतर? आणि खुराड्यात नेल्यावर घरचा कोंडा, कणी आणि भात यांवर पिल्ले वाढतील का? बाजारातले खाद्य चौघींच्या खर्चाच्या मानाने जड जाते.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (चंदगड)

लस हलवण्याच्या आधी, पडवीतच द्या. लस, जागाबदल आणि खाद्यबदल या तीन गोष्टींमध्ये प्रत्येकी निदान आठवड्याचे अंतर असू द्यावे, कारण प्रत्येकीचा ताण पिल्लावर स्वतंत्रपणे पडतो. दुसरी मात्रा पिण्याच्या पाण्यातून देणार असाल, तर एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. पावसाळ्यात ग्रामपंचायती विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकतात, आणि त्या पाण्यातील क्लोरीनमुळे लस निकामी होते. तेव्हा ब्लीचिंग पावडर न टाकलेल्या विहिरीचे किंवा उकळून पूर्ण गार केलेले पाणी वापरा, त्यात लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळा आणि मगच लस घाला. लस दवाखान्यातून बर्फात आणावी. सकाळी तास-दीड तास पाणी काढून घेऊन पिल्लांना तहान लागू द्यावी, आणि लसीचे पाणी दोन तासांच्या आत संपेल इतकेच ठेवावे. भांडी आदल्या दिवशी साबणाशिवाय, साध्या पाण्याने घासलेली असावीत. मानमोडीला औषध नाही; लसीकरणावरच सारी भिस्त आहे. देवीची लस पंखाच्या पडद्यात टोचतात, ती सातव्या आठवड्यात, खुराड्यात स्थिरावल्यानंतर घ्या. पावसाळ्यात डासांमुळे देवी पसरते, म्हणून ती टाळू नका. आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान मानमोडीची आर-टू-बी ही टोचायची लस उरते.

जुन्या कोंबड्यांत ही पिल्ले इतक्यात मुळीच मिसळू नका. मोठी कोंबडी निरोगी दिसत असली, तरी तिच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे आणि जंतांचे बीज पडत असते; तिला त्याचा त्रास होत नाही, पिल्लांना होतो. शिवाय आठ कोंबड्या मिळून खाद्याच्या भांड्याजवळ पिल्लांना फिरकू देणार नाहीत. पिल्ले बारा आठवड्यांची होऊन आकाराने जवळपास बरोबरीची झाली, की मध्ये जाळी ठेवून आठवडाभर दोन्ही कळपांना एकमेकांना पाहू द्या आणि मग जाळी काढा. तोवर दाणापाणी आधी पिल्लांना द्यावे, नंतर मोठ्यांना. खुराड्याच्या दारात एक वेगळी चप्पल कायम ठेवा, म्हणजे अंगणातली घाण पायाला लागून आत जाणार नाही.

खाद्याच्या बाबतीत मी थोडा आग्रही आहे. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लाला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले चिक स्टार्टर (लहान पिल्लांचे तयार खाद्य) हवे. कणी आणि कोंड्यात प्रथिने बरीच कमी असतात. एकदम त्यावर नेले, तर पिसांची वाढ खुंटते, पिल्ले एकमेकांची पिसे उपटू लागतात आणि ज्या पिसांच्या भरवशावर आपण त्यांना बाहेर काढले, तीच उरत नाहीत. आठवा आठवडा संपल्यावर घरच्या कणीचे प्रमाण हळूहळू वाढवता येईल. तेव्हा शेंगदाण्याची पेंड, शेवग्याचा पाला आणि परसातल्या वाळवीच्या वारुळाचे तुकडे यांची जोड दिली, तर खर्च खरोखर कमी होतो. आणि पिल्ले गवत टिपू लागली की एका भांड्यात जाडसर वाळू ठेवायला विसरू नका. पोटातल्या गिझर्डमध्ये पाला दळला जाण्यासाठी ती लागते.

आबोली (कुडाळ)

साहेबांच्या उत्तरात खाद्याचा विषय निघाला, म्हणून एवढेच जोडते: रात्री खुराड्यात उरलेले खाद्य ठेवू नका, भांडी घरात आणा. सांडलेल्या दाण्यासाठी उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे धामण आणि नाग येतात. खुराड्याभोवती चार हात जागा गवत काढून मोकळी ठेवली, तर सकाळी दार उघडण्याआधी तुम्हाला जोत्याच्या कडा नीट पाहता येतील.